सागाच्या मुलखात प्लायवूडची पेटी

सहा सिलिंडरचं डिझेल इंजिन मिनिटाला १५०० फेरे घेत असतं, तेव्हा त्याच्या पोटात सेकंदाला ७५ स्फोट होत असतात. डग्ग्याचा घुमारा, ढोलकीची धूम, सिनेमाच्या गाण्यातली बेस गिटार यांचा सूरही साधारण याच पट्ट्यात येतो. त्यामुळे घुग्घुसहून कोळसा भरून निघालेल्या ट्रकमध्ये गाणं लावलं की गायिका ऐकू येते, बासरी ऐकू येते, ठेका मात्र हरवतो. तो इंजिनाने गिळलेला असतो.

मग ड्रायव्हर आवाज वाढवतो. ठेका तरीही सापडत नाही. गायिकेचा आवाज तेवढा कर्कश होतो, दारातल्या छोट्या स्पीकरचा पडदा फडफडायला लागतो आणि काही दिवसांत फाटतो. 'भाऊ, बेस पायजे' असं म्हणत गाडी साउंडवाल्याच्या दुकानासमोर उभी राहते ती या अनुभवानंतर.

चंद्रपूर आणि गडचिरोली या जंगलाच्या जिल्ह्यांत ट्रकची केबिन हे हजारो माणसांचं दुसरं घर आहे. वेकोलिच्या, म्हणजे वेस्टर्न कोलफील्ड्सच्या खाणींतला कोळसा, गडचांदूर-आवारपूर पट्ट्यातलं सिमेंट, बल्लारपूरचा कागद, २९२० मेगावॅटच्या महाऔष्णिक वीज केंद्राची राख असा माल इथे रात्रंदिवस हलत असतो. अलीकडच्या वर्षांत एटापल्ली तालुक्यातल्या सुरजागडच्या डोंगरावरचं लोहखनिज आलापल्ली-आष्टीच्या रस्त्याने उतरू लागलं आणि गडचिरोलीच्या दक्षिण भागातही टिप्परची रीघ लागली. भराईच्या रांगेत तास-तास थांबायचं, सीटमागच्या गादीवर पाठ टेकायची, पुन्हा निघायचं. या दिनक्रमात गाणं ही चैन नाही, सोबत आहे. कॅसेटच्या जमान्यात जुन्या गाण्यांवर वरून ठेका चढवलेल्या 'झंकार बीट्स' निघाल्या, तेव्हा जाणकार रसिकांनी नाकं मुरडली. पण इंजिनाच्या घरघरीतून वाट काढील असा ठेका ही केबिनची खरी गरज होती, आणि ती त्या कॅसेटवाल्यांनी नेमकी ओळखली होती.

आज ती गरज सबवूफर भागवतो. सबवूफर म्हणजे फक्त खालचे, जाड सूर वाजवणारा मोठा स्पीकर. साधारण ३० ते १०० हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला तीस ते शंभर कंपनांचा त्याचा प्रांत. दुकानात पहिला प्रश्न ठरलेला असतो: किती वॅटचा? हा प्रश्न चुकीच्या टोकापासून सुरू होतो. ५०० चे १००० वॅट केले तर आवाज वाढतो फक्त ३ डेसिबल. कानाला आवाज दुप्पट झाल्यासारखा वाटायला साधारण १० डेसिबल लागतात, म्हणजे वॅट दहापट करावे लागतात. उलट तोच स्पीकर, तेवढेच वॅट, पण पेटी नीट बांधलेली असली तर फरक पहिल्या ठोक्यालाच कळतो. पैसे मॅग्नेटवर घालवायचे आणि पेटी उरल्यासुरल्या फळ्यांची ठोकायची, ही सर्रास होणारी चूक आहे. निम्म्याहून जास्त काम पेटी करते.

याचा पुरावा कुणालाही घेता येतो. पेटीत न बसवलेला बारा इंची स्पीकर टेबलावर ठेवून वाजवावा; पडदा जोरात पुढेमागे होताना दिसतो, पण आवाज पत्र्याच्या डब्यासारखा येतो. कारण सोपं आहे. पडदा पुढे गेला की समोरची हवा दाबली जाते आणि त्याच क्षणी मागची हवा विरळ होते. ४० हर्ट्झच्या सुराची लांबी सुमारे साडेआठ मीटर, म्हणजे अख्ख्या ट्रकएवढी. एवढ्या लांब लाटेला एक फुटाचा स्पीकर अडवू शकत नाही. समोर दाबलेली हवा कडेने वळून मागच्या पोकळीत शिरते आणि हिशेब शून्यावर येतो. पुढची हवा आणि मागची हवा एकमेकींना भेटू द्यायची नाही, एवढ्यासाठी पेटी.

चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग या अमेरिकन अभियंत्यांनी १९२५ मध्ये आजच्या स्पीकरचा मूळ साचा मांडला. पेटीचं शास्त्र मात्र हळूहळू उलगडलं. बेल प्रयोगशाळेतल्या अल्बर्ट थुरास यांना १९३२ मध्ये पेटीला भोक ठेवण्याच्या युक्तीचं पेटंट मिळालं. १९५४ मध्ये एडगर व्हिल्चर यांनी दाखवून दिलं की छोटी, पूर्ण बंद पेटीही खोल आवाज देऊ शकते. आतली कोंडलेली हवाच पडद्याला स्प्रिंगसारखी सावरते. पुढे ऑस्ट्रेलियाच्या नेव्हिल थील यांनी १९६१ मध्ये आणि त्यांच्यानंतर रिचर्ड स्मॉल यांनी सगळा मामला गणितात बसवला. नव्या सबवूफरच्या खोक्यातल्या कागदावर जे बारीक आकडे छापलेले असतात ते 'थील-स्मॉल'चे आकडे. बहुतेक गिऱ्हाईक तो कागद खोक्याबरोबर टाकून देतात. तो जपून मिस्त्रीच्या हातात द्यावा, कारण या स्पीकरला किती घनफुटांची पेटी हवी ते त्यावर लिहिलेलं असतं.

पेट्या मुख्यतः दोन जातींच्या. एक बंद, दुसरी भोकाची. भोकाच्या पेटीचं तत्त्व घागरीत आहे. रिकाम्या घागरीच्या तोंडावर आडवी फुंकर मारली की 'हूं' असा एकच सूर निघतो. गळ्यातली हवा हे वजन आणि पोटातली हवा ही स्प्रिंग. दोघींचा मिळून एक झोका ठरलेला असतो. घागरीत पाणी भरत गेलं की पोटातली हवा कमी होते आणि सूर चढतो. पेटीला पाईप बसवतात तेव्हा हाच गळा तयार होतो, आणि स्पीकरच्या मागचा आवाज वाया न जाता त्या ठराविक सुरावर पुढच्या आवाजाला येऊन मिळतो.

पाईपची लांबी अंदाजाने कापली की मात्र फसगत होते. दोन घनफुटांची, म्हणजे सुमारे ५७ लिटरची पेटी आहे, आणि भोकासाठी नळकाम करणाऱ्यांकडचा ११० मिलिमीटरचा पीव्हीसी पाईप वापरायचा आहे असं धरू. पेटी ३५ हर्ट्झवर लावायची तर पाईप सुमारे २८-२९ सेंटिमीटर लांब लागतो. आत जागा नाही म्हणून तोच पाईप निम्मा कापला तर पेटीचा सूर ४५ हर्ट्झच्या आसपास चढतो. मग ती सगळी गाणी एकाच 'बूं' मध्ये वाजवते. ढोलकी असो की ड्रम, ठोका एकच. रस्त्यावरून जाणाऱ्या गाडीतून असा एकसुरी बूं-बूं ऐकू आला की पाईप चुकला असण्याची शक्यता मोठी.

ट्रकसाठी बंद पेटी बरी. ती आकाराने लहान असते, मापातली थोडी चूक पोटात घालते, आणि कोळशाची धूळ आत जायला तिला तोंडच नसतं. खाणीच्या रस्त्यावर धावणाऱ्या गाडीत हा शेवटचा मुद्दा सगळ्यांत मोठा.

आता लाकूड. आलापल्लीचं सागवान देशभर नावाजलेलं. तिथल्या जुन्या, उंचच उंच झाडांचा राखलेला तुकडा 'वनवैभव' म्हणून ओळखला जातो. बल्लारपूरच्या आगारातून २०२३ च्या मार्चमध्ये अयोध्येच्या राममंदिरासाठी सागाची पहिली खेप वाजतगाजत निघाली, तेव्हा चंद्रपूर-बल्लारपूरच्या रस्त्यावर माणसांची दाटी झाली होती. असं लाकूड दाराशी असताना पेटी प्लायवूडची का? गिऱ्हाइकाच्या मनात हा प्रश्न येतोच, आणि काही हौशी घरातल्या जुन्या सागाच्या फळ्या घेऊनही येतात.

साग दारासाठी, पलंगासाठी, नावेसाठी उत्तम. पेटीसाठी नव्हे. अखंड लाकूड पावसाळ्यात फुगतं, उन्हाळ्यात आकसतं, आणि तेही सगळीकडे सारखं नाही. रेषांच्या आडव्या दिशेने जास्त. चंद्रपुरात मे महिन्यात पारा ४६-४७ अंशांवर जातो आणि जुलैत भिंतींना ओल येते. या फरकात फळ्यांचे सांधे बारीक उघडतात आणि बंद पेटी बंद राहत नाही. शिवाय सागात नैसर्गिक तेल असतं. ते पुसून काढल्याशिवाय फेविकॉल नीट धरत नाही. प्लायवूडमध्ये पातळ पापुद्रे एकावर एक आडवे-उभे चिकटवलेले असल्यामुळे एकाची हालचाल दुसरा रोखून धरतो. गावातलं सर्वांत महाग लाकूड इथे हरतं, यात त्या लाकडाचा काहीच कमीपणा नाही.

शहरांतल्या कारसाठी बहुतेक जण एमडीएफ वापरतात. लाकडाचे बारीक तंतू दाबून केलेली ही फळी सपाट असते, सगळीकडे सारखी घट्ट असते आणि गुळगुळीत कापली जाते. पण १८ मिलिमीटर जाडीच्या आठ बाय चार फुटांच्या एका फळीचं वजन सुमारे ४० किलो भरतं, आणि पाणी लागलं की तिची कड पापडासारखी फुगते. ट्रकच्या केबिनमध्ये पावसाळ्यात ओले बूट, ताडपत्री, छत्री सगळं येतं. म्हणून इथे १८ मिलिमीटरचं चांगलं प्लायवूड घ्यावं. फळीवर 'आयएस ३०३' छापलेलं असेल आणि पुढे एमआर असेल तर ते साधं, दमटपणा सोसणारं. 'आयएस ७१०' असेल तर ते मरीन, पाण्यालाही दाद न देणारं. फळी विकत घेताना शिक्का बघावा आणि कडेने पापुद्र्यांमध्ये पोकळी नाही ना ते पाहावं. पोकळी असली तर ठोक्याला फळी आतून खरखरते.

इथे बांबूचा विचार मनात आल्यावाचून राहत नाही. गडचिरोली हा बांबूचा जिल्हा. मेंढा-लेखाच्या ग्रामसभेला २०११ मध्ये स्वतःचा बांबू स्वतः विकण्याचा हक्क मिळाला, ती घटना देशभर गाजली. चंद्रपूरजवळ चिचपल्लीला बांबू संशोधन व प्रशिक्षण केंद्र आहे. बांबूच्या पट्ट्या दाबून केलेली फळी कडक आणि जड असते, आणि परदेशात काही स्पीकरवाले तिच्या पेट्या करतातही. टोपल्या, सोफे आणि कंदील यांच्या जोडीला चिचपल्लीत कधी एक चांगली स्पीकरची पेटी तयार व्हावी. ती खरोखर वाजेल.

मापाकडे वळू. समजा बारा इंची सबवूफरला एक घनफुटाची बंद पेटी हवी आहे. १५ बाय १२ बाय १० इंच, म्हणजे १८०० घनइंच. एक घनफूट १७२८ घनइंचांचा, तेव्हा आतल्या तुकड्यांसाठी किंचित जास्तच. हिशेब बरोबर. पण मिस्त्रीने ही मापं बाहेरून धरली तर? प्रत्येक बाजूच्या दोन फळ्यांची मिळून जाडी जवळजवळ १ इंच ३ सूत (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग). ती वजा केली की आत उरतात १२३३ घनइंच. एक घनफुटाची म्हणून बांधलेली पेटी पाऊण घनफुटालाही पुरत नाही. जवळजवळ एक तृतीयांश हवा फळ्यांच्या जाडीत गेली! या धंद्यात सर्वांत जास्त होणारी चूक हीच, आणि ती झाल्यावर दोष स्पीकरला दिला जातो.

बरोबर रीत अशी: १५, १२ आणि १० ही मापं आतली धरायची. समोरची आणि मागची फळी १६ इंच ३ सूत बाय १३ इंच ३ सूत, वरची-खालची १६ इंच ३ सूत बाय १०, बाजूच्या १२ बाय १०. सहा तुकडे, सगळे गुण्याला लावून तपासलेले. कोन एका सुताने जरी कलला तरी शेवटची फळी बसताना फट राहते, आणि ती फट फेविकॉलने भरून निघत नाही.

भिंती एवढ्या जाड कशाला, हेही आकड्यांत बघण्यासारखं आहे. बारा इंची पडदा एक सेंटिमीटर आत गेला की सुमारे अर्धा लिटर हवा दाबतो. पेटीत हवा तीसेक लिटर. त्यातून १५ बाय १२ इंचांच्या मागच्या फळीवर जो जोर येतो तो सुमारे २८ किलोंचा; आणि पडदा बाहेर गेला की तेवढाच उलटा ओढा. चाळीस हर्ट्झच्या सुराला हे सेकंदाला चाळीस वेळा. पातळ फळी या ढकलाढकलीत स्वतःच पडद्यासारखी हलू लागते आणि आवाज गढूळ होतो. म्हणून आत मधोमध एक आडवी पट्टी देतात, समोरची आणि मागची फळी एकमेकींना बांधून ठेवणारी. ती बाहेरून दिसत नाही, म्हणून बरेचदा टाळली जाते.

जोडणीत घाई नको. सांध्याला भरपूर फेविकॉल, आधी बारीक भोक पाडून मगच स्क्रू, दर चार-पाच इंचांना एक. भोक न पाडता स्क्रू ठोकला तर प्लायवूडची कड फाटते. सगळं आवळल्यावर कडेने डिंकाची ओळ बाहेर आली पाहिजे. आली नाही तर आत कोरडं राहिलं असं समजावं. रात्रभर सुकू द्यायचं. दुसऱ्या दिवशी आतल्या सगळ्या कोपऱ्यांतून सिलिकॉनची धार फिरवायची आणि पुन्हा एक दिवस थांबायचं. हा एक दिवस गिऱ्हाइकाला जड जातो, ट्रक उभा असतो, मालकाचे फोन येत असतात. पण ओल्या सिलिकॉनमधून जी आंबूस वाफ निघते ती बंद पेटीत कोंडली तर स्पीकरच्या डिंकाला आणि धातूच्या भागांना बाधू शकते. घाईत त्याच संध्याकाळी बसवलेला नवाकोरा स्पीकर असा खराब होतो.

स्पीकरचं भोक कापताना स्पीकर उलटा ठेवून पेन्सिल फिरवली की भोक मोठं होतं आणि स्क्रूला लाकूडच उरत नाही. कागदावर दिलेलं कापाचं माप कंपासने काढायचं, मग जिगसॉ. बसवताना फळी आणि स्पीकर यांच्या मध्ये फोमची पट्टी. आत सैलसर पिंजलेला पॉलिस्टर फायबर, उशीत भरतात तोच. त्याने पेटी आहे त्यापेक्षा थोडी मोठी असल्यासारखी वागते.

मग उदबत्ती.

पेटी वाजवायला लावून एखादा खालचा सूर धरून ठेवायचा आणि पेटवलेली उदबत्ती सांध्यांवरून सावकाश फिरवायची. सगळीकडे धूर सरळ वर जातो. जिथे फट आहे तिथे तो एकदम थरथरतो, नागमोडी होतो. खडूने तिथे खूण करायची. शंभर-दोनशे रुपयांचं कुठलंही यंत्र यापेक्षा चांगलं काम करणार नाही. दुसरी परीक्षा बोटांची: पडदा बोटांच्या टोकांनी हलकेच आत दाबून सोडायचा. तो सावकाश, गादीवरून उठल्यासारखा परत आला तर पेटी बंद आहे. चटकन परतला तर कुठेतरी हवा निसटते आहे. तारांची उलटसुलट तपासायला रिमोटमधला दीड व्होल्टचा सेल पुरतो. अधिकला अधिक, उणेला उणे असा तारांना क्षणभर टेकवला की पडदा बाहेर आला पाहिजे. आत गेला तर तारा उलट्या लागल्या आहेत. दोन स्पीकर असतील आणि एक उलटा असेल तर दोघे मिळून एकमेकांचा आवाज खातात.

फिनिशिंग हा मिस्त्रीच्या हाताचा खरा कस. स्क्रूची डोकी एक सूत आत घालवून वर पुट्टी, सुकल्यावर १२० नंबरचा पॉलिश पेपर, मग २४०. कडा गोल करायच्या. टोकदार कडेवरचं कार्पेट आधी फाटतं आणि रंग आधी उडतो. केबिनसाठी सर्वांत टिकाऊ म्हणजे करडं किंवा काळं कार्पेट. पेटीला आणि कार्पेटला, दोन्हींना रबरी डिंक लावायचा, बोटाला चिकटेनासा होईपर्यंत दहा-पंधरा मिनिटं थांबायचं आणि मग एका कडेपासून तळहाताने दाबत जायचं. उचलून पुन्हा लावायची सोय नाही. एकदा टेकलं की टेकलं. जोड मागच्या बाजूला घ्यायचा, दोन्ही पदर एकावर एक ठेवून एकाच फटक्यात ब्लेडने कापायचे, म्हणजे जोड दिसतच नाही. हे काम उघड्यावर करावं, त्या डिंकाच्या वाफेने डोकं गरगरतं. रेक्झिन देखणं दिसतं, सीटशी जुळवून शिवून घेतलं तर केबिन एकसंध वाटते. पण विदर्भाच्या उन्हात स्वस्त डिंक सुटतो आणि रेक्झिनला फुगे येतात. शेवटी लोखंडी जाळी. गादीखाली ठेवलेल्या पेटीवर कधी ना कधी पाय, पाना किंवा डबा पडणारच.

यानंतर विजेचा भाग येतो, आणि तो जिवाशी संबंधित आहे. बोलेरो पिकअप किंवा 'छोटा हत्ती' १२ व्होल्टवर चालतात. मोठे ट्रक २४ व्होल्टचे. त्यांत १२-१२ च्या दोन बॅटऱ्या ओळीने जोडलेल्या असतात. ॲम्प्लिफायर कारसाठी बनलेला, १२ व्होल्टचा. मग सोपी वाट म्हणून दोनपैकी एका बॅटरीवरून तार ओढली जाते. चार दिवस सगळं ठीक चालतं. पण ती एक बॅटरी सतत उतरत राहते, दुसरी गरजेपेक्षा जास्त चार्ज होत राहते, आणि शेवटी दोन्ही जातात, तेही भलत्या ठिकाणी. २४ चे १२ करणारा कन्व्हर्टर घेणं हा एकच नीट मार्ग आहे. ३०० वॅटचा क्लास-डी ॲम्प्लिफायर पूर्ण जोरात ३० अँपिअरच्या आसपास ओढतो. कन्व्हर्टर त्याहून मोठा हवा. मोबाईल चार्जिंगचा छोटा कन्व्हर्टर इथे चालत नाही. तार जाड, तांब्याची. बॅटरीपासून अर्ध्या मीटरच्या आत फ्यूज. पत्र्यातून तार जाते तिथे रबराचं कडं. पत्र्याच्या धारेवर घासून उघडी पडलेली तार आणि फ्यूज नाही, यातून केबिनला आग लागू शकते.

पेटी पट्ट्यांनी तळाला बांधलेली असावी. वीस किलोंचा ठोकळा ब्रेक लागल्यावर सीटमागून पुढे येतो.

१ ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या, साडेतीन टनांहून जास्त वजनाच्या मालवाहू गाड्यांना वातानुकूलित केबिन सक्तीची झाली आहे. त्याचा या विषयाशी थेट संबंध आहे. काच बंद असली की धूळ कमी, इंजिनाचा आवाज कमी, आणि बंद लहान जागेत खालचे सूर आपोआप भरीव होतात. काच उघडली की हा फायदा खिडकीतून निघून जातो. तेव्हा नव्या केबिनमध्ये लहान बंद पेटी आणि दोन-तीनशे वॅट पुष्कळ झाले. १०० डेसिबलचा आवाज कान दिवसाला १५ मिनिटं सोसतो, ८५ चा आठ तास. हे अमेरिकेच्या व्यावसायिक आरोग्य संस्थेने ठरवलेलं माप आहे. ट्रकचा ड्रायव्हर आठ तासांहून जास्त केबिनमध्ये असतो, आणि मागून येणाऱ्या गाडीचा हॉर्नही त्याला ऐकू यायला हवा.

विदर्भातल्या वरातींत धुमाल बँडच्या गाड्या आणि डीजेच्या पिकअप असतात, तो याच विद्येचा दुसरा टोकाचा वापर. तिथे पेट्यांची भिंत रचलेली असते आणि आवाज बाहेर फेकायचा असतो. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे, रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिवर्धकाला मनाई आहे, आणि गाडीच्या मूळ रचनेत फेरफार करायला मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आडवं येतं. हे सगळं माहीत असूनही खिडक्यांच्या काचा थरथरतात. लग्नघरातला आनंद शेजारच्या घरातल्या आजाऱ्याच्या छातीवर आदळावा, याला काहीही समर्थन नाही.

या दोन जिल्ह्यांत मात्र शेजारी फक्त माणसं नाहीत. चंद्रपूरहून मूलकडे निघालं की काही मिनिटांत दोन्ही बाजूंना जंगल लागतं. उंच सूर पानापानांत विरतात, खालचे सूर मात्र झाडांतून आरपार जातात. म्हणून लांबच्या गाडीतलं गाणं ऐकू येत नाही, नुसती धमधम येते. ऑक्टोबर २०२१ मध्ये छत्तीसगडमधून रानहत्तींचा कळप गडचिरोलीत उतरला. हत्ती एकमेकांशी ज्या सुरांत बोलतात ते बरेचसे माणसाच्या कानाखालचे, २० हर्ट्झच्या आतबाहेरचे असतात. केटी पेन या संशोधिकेला १९८४ मध्ये एका प्राणिसंग्रहालयात ते आधी हवेतल्या थरथरीसारखे जाणवले आणि मग यंत्राने टिपता आले. वाघाच्या डरकाळीतही असा न ऐकू येणारा खालचा भाग असल्याचं आढळलं आहे. सबवूफरचा प्रांत जिथे सुरू होतो, त्याला लागूनच हे बोलणं चालतं.

चांगल्या ॲम्प्लिफायरबरोबर बेस कमी-जास्त करायचं एक वेगळं छोटं बटण येतं. बरेच मिस्त्री ते पेटीजवळच, गादीखाली सोडून देतात. पेटी करून घेताना ड्रायव्हरभाऊंनी ते डॅशबोर्डवर, गिअरच्या हाताला सहज पोचेल असं बसवून मागावं, आणि जंगलाचा पट्टा लागला की शून्यावर आणावं. गाणं चालूच राहतं.